मामाची आरामखुर्ची

मामाच्या माळ्यावर सागवानी आरामखुर्ची सापडली. काळीकुट्ट. मामा म्हणाला, "घासून टाक सरळ!"

थांबा. आधी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला चोळा. चिकट होऊन तपकिरी रंग उतरला, तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. ते स्पिरिटनेच निघतं, निम्मं घासकाम वाचतं. (खिडक्या उघड्या, गॅस बंद!)

मग पॉलिश पेपर: १२०, २२०, शेवटी ३२०. लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवे ओरखडे पॉलिशनंतर उठून दिसतात. माझ्या खुर्चीच्या डाव्या हातावर आहेत अजून.

वर पुन्हा चपडाच, पातळ, सात-आठ हात. पण त्यावर गरम चहाचा कप ठेवू नका, पांढरा डाग पडतो.

तुमच्या माळ्यावर काय पडलंय? फोटो टाका, सांगतो.