भाव उतरवला, गल्ला भरला. मग नफा कुठे गेला?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यात बाजार थंड होता. समोरच्या दुकानावर सेलची पाटी लागली, म्हणून मीही लावली. 200 रुपयांची लुंगी 180 ला काढली. आठवड्याला 100 नग खपत होते, ते 140 वर गेले. गल्ला 20,000 वरून 25,200 झाला. मुले खूश, मीही खूश.

महिनाअखेरीस वही घेऊन बसलो तेव्हा डोळे उघडले. लुंगीची खरेदी 150 ची. आधी नगामागे 50 रुपये सुटत, म्हणजे 100 नगांवर 5,000. सेलमध्ये नगामागे 30 च सुटले. 140 नगांचे 4,200. माल जास्त गेला, नोकर जास्त राबले आणि आठवड्याला 800 रुपये कमी मिळाले.

व्यापारी बांधवांनो, ही चूक आपल्यापैकी अनेकांच्या हातून होते. भाव आपण शेजाऱ्याकडे पाहून ठरवतो, वहीकडे पाहून नाही.

हिशोबाची रीत

भाव बदलला तर खप किती हलतो, याला अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता म्हणतात. उर्दू शाळेत आम्ही हिलाच 'तलब की लचक' म्हणत असू. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 च्या ग्रंथात ही कल्पना नीट मांडली. रीत सोपी आहे : खप किती टक्के बदलला, त्याला भाव किती टक्के बदलला याने भागा.

माझा खप 40 टक्के वाढला, भाव 10 टक्के उतरला. उत्तर आले 4. उत्तर 1 पेक्षा जास्त असेल, तर भाव उतरवल्याने गल्ला वाढतो. 1 पेक्षा कमी असेल, तर भाव चढवल्याने गल्ला वाढतो. माझा गल्ला वाढलाच होता. शास्त्र खोटे नव्हते. मीच गल्ल्याला नफा समजलो.

म्हणून सूट देण्याआधी दुसरा हिशोब करा. जुना एकूण नफा 5,000. नव्या भावात नगामागे 30. 5,000 ला 30 ने भागा. 167 नग खपले तरच बरोबरी. म्हणजे 10 टक्के सूट देऊन दोनतृतीयांश खप वाढायला हवा. तेवढे गिऱ्हाईक आपल्या गल्लीत आहे का?

उलट बाजूही पाहा. तीच लुंगी 220 ला विकली तर नगामागे 70 सुटतात. मग 72 नग खपले तरी 5,040 मिळतात. 100 पैकी 28 गिऱ्हाईक गेले तरी नफा घटत नाही. पण गेलेले गिऱ्हाईक दुकानातला बाकीचा मालही दुसरीकडून घेते, हे विसरू नका.

कुठला माल किती लवचिक?

साडीचा फॉल घ्या. 20 चा 22 केला आणि खप 100 वरून 97 झाला, तर लवचिकता फक्त 0.3. खरेदी 15 ची असेल तर नफा 500 वरून 679 होतो. आठशेची साडी घेणारी बाई फॉलच्या दोन रुपयांसाठी दुकान बदलत नाही. अस्तर, बटण, दोरा यांचेही तसेच.

शाळेच्या गणवेशाची गोष्ट वेगळी. तो महाग झाला म्हणून मुले गणवेशाशिवाय शाळेत जात नाहीत. सगळ्या बाजाराचा खप फारसा घटत नाही. पण तोच गणवेश शेजारी स्वस्त मिळत असेल, तर तुमच्या दुकानाचा खप झपाट्याने घटेल. बाजाराची लवचिकता आणि आपल्या दुकानाची लवचिकता या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तुलना कशाशी?

रमजान ईद 2023 साली 22 एप्रिलला होती, 2024 साली 11 एप्रिलला आणि 2025 साली 31 मार्चला. एप्रिल 2023 ची विक्री एप्रिल 2025 शी ताडून पाहिली, तर ईदचा खप भावाच्या नावावर जमा होईल. म्हणून रमजानची तुलना रमजानशीच करा. एका वेळी एकाच मालाचा भाव बदला, बदल थोडा ठेवा आणि त्या काळात शेजाऱ्याने काय केले तेही वहीत लिहा. रोज नगांची नोंद नसेल तर हा हिशोब होणार नाही. नुसता गल्ला मोजून काहीच कळत नाही.

शेवटी एक गोष्ट. कफनाच्या कापडाची मागणी भाव वाढल्याने कमी होत नाही. या हिशोबाने पाहिले तर तिथे भाव चढवायला भरपूर वाव आहे. पण दारात आलेल्या दुःखी माणसाकडून जास्त पैसे घ्यावेत, असे हा हिशोब सांगत नाही. भाव किती चढवता येईल एवढेच तो दाखवतो. चढवावा की नाही, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.