दूध पुरते का?

बाळंतिणीच्या खोलीत पाचव्या-सहाव्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येते, "हिला दूध पुरेसे येत नाहीसे वाटते." म्हणणारी कधी सासू असते, कधी आई, कधी बाळ बघायला आलेली शेजारीण. हेतू वाईट नसतो. बाळ रडत असते, बाळंतीण थकलेली असते आणि कोणीतरी काहीतरी सुचवायला हवे असते. बडोद्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ काम केल्यावर मला एवढे सांगता येते, की हे वाक्य उच्चारले जाते तेव्हा बहुतेक वेळा ते खरे नसते. पण उच्चारल्यानंतर पंधरा दिवसांत ते खरे होऊन बसते. ते कसे, हे आज आपल्याला सांगायचे आहे. घरात नात येऊ घातली असेल तर जरा लक्ष देऊन वाचावे, कारण हा विषय बाळंतिणीइतकाच तिच्या भोवतालच्या माणसांचाही आहे.

साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण आपल्या भाषेत एक शब्द आहे, ज्याने माझे अर्धे काम आधीच करून ठेवले आहे. तो म्हणजे पान्हा. दूध आणि पान्हा यांत मराठी फरक करते. गाय पान्हा चोरते असे आपण म्हणतो, म्हणजे कासेत दूध आहे, पण ती ते सोडत नाही. गवळी वासराला आधी दोन घोट पिऊ देतो, गाय पान्हवते, मग धार काढतो. दूध तयार होणे आणि दूध सुटणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे शरीरशास्त्राने सांगण्यापूर्वी गोठ्यातल्या माणसांना ठाऊक होते.

सुटण्याची क्रिया ऑक्सिटोसिन या संप्रेरकाने होते. बाळ ओढू लागले की मेंदूतून ते रक्तात येते आणि दूधपेशींभोवतीचे बारीक स्नायू आवळून दूध पुढे ढकलतात. नुसते बाळ जवळ घेतल्याने, त्याचा आवाज ऐकल्याने, त्याची आठवण झाल्यानेही हे घडते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अगदी हेच आहे: अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, स्मरणानेसुद्धा स्तन्य वाहू लागते. क्रोध आणि शोक यांनी ते नाहीसे होते, असेही त्या ग्रंथात अन्यत्र म्हटले आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर वेदना, भीती आणि अपमान यांनी ऑक्सिटोसिनचा ओघ अडतो. दूध असते, पान्हा येत नाही. म्हणून बाळंतिणीच्या उशाशी बसून "तुला दूध नाही" म्हणणे ही साधी टिप्पणी नव्हे. ती त्या क्षणी पान्हा अडवणारी गोष्ट आहे.

आता दूध तयार होण्याविषयी. येथे मुख्य संप्रेरक प्रोलॅक्टिन. प्रत्येक पाजण्यानंतर ते वाढते, रात्री त्याची पातळी दिवसापेक्षा जास्त असते. पण सगळा हिशेब केवळ रक्तातला नाही. स्तन भरलेला राहिला की त्याच स्तनातली दूधनिर्मिती मंदावते. रिकामा होत गेला की वेग वाढतो. हा नियम इतका स्थानिक आहे, की एका बाजूनेच पाजत राहिले तर ती बाजू भरपूर दूध देते आणि दुसरी आटते. आपल्याकडे जुन्या विहिरी उपसत असत, कारण उपसली की झरे मोकळे होतात. स्तनाचे तसेच आहे. त्याला हौदासारखे समजणे, म्हणजे "जरा भरू दे, मग पाजू," हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. भरण्याची वाट पाहणे म्हणजे निर्मिती थांबवण्याची सूचना देणे.

पहिले तीन दिवस सर्वांत नाजूक. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन उतरते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येते; सिझेरियननंतर कधी थोडे उशिरा. सुश्रुतांनीही तीन किंवा चार रात्रींनी स्तन्य येते असेच लिहिले आहे. निरीक्षण अचूक आहे. मात्र तोपर्यंत बाळाला मध-तूप चाटवावे अशी परंपरा त्यातून पुढे चालत आली, आणि येथे मी परंपरेच्या बाजूने उभी राहू शकत नाही. त्या तीन दिवसांत स्तन रिकामे नसतात, त्यांत चीक असतो. गाईचा चीक आपण शेजारीपाजारी मागून आणून खरवस करून खातो आणि स्वतःच्या नातवंडाचा मात्र पिळून टाकायला सांगतो! पहिल्या दिवशी एका वेळी दोन ते दहा मिलिलिटर, म्हणजे एखाद-दोन छोटे चमचे एवढाच तो असतो, आणि बाळाची गरजही तेवढीच असते. चौथ्या दिवशी एका पाजण्याला तीस ते साठ मिलिलिटरपर्यंत मजल जाते. मधाने तर बाळाला बोटुलिझमचा धोका असतो; वर्षाच्या आत मध नकोच.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली जवळपास ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसतात, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे जेमतेम ४२ टक्के. म्हणजे दोष घरातल्या आजीचा एकटीचा नाही. डॉक्टर, परिचारिका, आम्ही सगळे त्यात आहोत.

माझेच सांगते. १९८४ साली माझा मुलगा झाला तेव्हा मी बालरोगशास्त्राचीच विद्यार्थिनी होते. जिथे शिकत होते तिथे घड्याळ लावून दर तीन तासांनी पाजण्याची रीत होती आणि मी ती घरी पाळली. बाळ दीड तासात रडे. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, उपाशी आहे ते," आणि यजमान पावडरचा डबा घेऊन आले. त्या काळी डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र असे. १९९२ च्या कायद्याने ते चित्र आणि अशा पावडरींच्या जाहिराती दोन्ही बंद झाल्या. बाटली मिळाल्यावर मुलगा तीन तास शांत झोपला. सगळ्यांना पुरावा मिळाला. त्या तीन तासांत माझे दूध उपसले गेले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी थोडे कमी झाले, म्हणून एक बाटली वाढली. बाटलीची धार आयती, स्तनावर मात्र जबडा चालवावा लागतो. मुलगा स्तनाशी चिडू लागला. दीड महिन्यात माझे दूध आटले. मी ते माझ्या शरीराचे न्यून मानले आणि चार वर्षे मानत राहिले.

१९८८ मध्ये मुलगी झाली तेव्हा ग्वाल्हेरहून आजेसासूबाई आल्या होत्या. त्यांनी खोलीतले घड्याळ उतरवून माडीवर नेऊन ठेवले. "पोर पदराखालून काढायची नाही. रडायच्या आधी घ्यायची," एवढेच त्यांचे शास्त्र. मुलगी दिवसाकाठी दहा-बारा वेळा पीत होती, संध्याकाळी तर सलग दोन-अडीच तास. दूध पुरले, वर्ष उलटून गेले तरी पुरले. शरीर तेच होते.

तर मग पुरते की नाही हे ओळखायचे कशावरून? रडण्यावरून नव्हे, संध्याकाळी बहुतेक तान्ही किरकिरतात आणि तासन्‌तास ओढत राहतात, आणि त्या ओढण्यातूनच पुढच्या दिवसांची मागणी नोंदली जाते. स्तन मऊ पडले यावरूनही नव्हे. सहा आठवड्यांच्या सुमारास सूज उतरते, दूध नव्हे. पंपाने किती निघाले यावरूनही नव्हे, कारण पंपाला पान्हा फुटत नाही. आकारावरून तर मुळीच नव्हे: लहान स्तनात एका वेळी कमी साठते इतकेच, दिवसभरात ते तेवढेच देऊ शकतात. विश्वासाच्या खुणा दोन, लंगोट आणि काटा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट लघवी, काळी शी जाऊन चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी. पहिल्या दिवसांत वजन सातेक टक्के उतरते ते चालते. दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनावर यायला हवे आणि पुढे पहिले तीन महिने रोज सरासरी वीस ते तीस ग्रॅम वाढावे. हे सगळे ठीक असेल तर दूध पुरते आहे, मग बाळ कितीही वेळा मागो.

ठीक नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरले, बाळ पाजायला उठतच नाही, लघवी तुरळक होते, कावीळ वाढते, या गोष्टी घरी बसून पाहण्याच्या नाहीत. अशा बाळाला वरचे द्यावेही लागते, आणि ते देण्यात लाज नाही. पण आधी आईचेच काढलेले दूध, ते वाटी-चमच्याने, आणि जितक्या वेळा वरचे दिले तितक्या वेळा आईने स्तन रिकामे करायचे. हे दुसरे अर्धे काम सोडले की माझी १९८४ ची गोष्ट पुन्हा सुरू होते.

दूध वाढवायचे तर पहिली तपासणी बाळाच्या तोंडाची. नुसते बोंड तोंडात असेल तर आईला दुखते आणि बाळाला मिळत नाही. तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि बोंडाभोवतीचा काळा भाग खालून बराचसा आत, अशी पकड हवी. गिळल्याचा आवाज ऐकू यावा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे, रात्रीचे पाजणे वगळू नये. बाळ सुस्तावले की स्तन हाताने हलकेच दाबावा, मग दुसरी बाजू द्यावी. पाजून झाल्यावर पाच-दहा मिनिटे हाताने काढावे, निघो न निघो. बाळाला नुसत्या लंगोटावर आईच्या उघड्या छातीवर तासन्‌तास ठेवावे. दोन-तीन दिवस बाळंतिणीने एवढेच करावे. पाहुण्यांचा चहा दुसऱ्या कोणी करावा. बहुतेकींना आठवड्याच्या आत फरक दिसतो.

लाडवांविषयी विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. अळीव, डिंक, खारीक, शतावरी, मेथी. आपल्या बाळंतशोपा शेजारच्या गुजराती घरात सुवा म्हणून त्याच वाटीत येतात. आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे सहाशे कॅलरी जास्त लागतात, त्या लाडवातून येवोत. लोह, चुनाही मिळतो. खुशाल करावेत. मात्र त्यांनी दूध वाढते याचा पुरावा तोकडा आहे, आणि लाडू खाऊन बाटली चालू ठेवली तर दूध आटतेच. डोमपेरिडोनसारखी गोळी डॉक्टरांना न विचारता दुकानातून आणू नये. बाळाला सहा महिन्यांपर्यंत पाणी नको, मे महिन्यातही नको. दुधात सत्त्याऐंशी टक्क्यांच्या वर पाणीच असते, आणि चमचाभर पाण्याने तेवढी भूक मरते. तहान आईची भागवावी.

खरोखर कमी दूध असणाऱ्या स्त्रियाही असतात, थोड्या. वारेचा तुकडा आत राहिलेला, बाळंतपणात फार रक्तस्राव झालेला, थायरॉइड बिघडलेले, स्तनावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली, किंवा दूधग्रंथीच कमी वाढलेल्या. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि सर्दीची स्यूडोएफेड्रिनयुक्त औषधेही दूध कमी करतात. अशा स्त्रीला "नीट प्रयत्न केला नाहीस" म्हणणे हा दुसरा अन्याय. तिचे जे काही निघेल ते बाळाला द्यावे आणि उरलेले वरून भरावे.

अपुऱ्या दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत असेल तर आईने पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला सुरुवात करावी, पुढे दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली ती अशाच बाळांसाठी.

आता नोकरी. महाराष्ट्रातल्या एसटी स्थानकांवर पाजण्यासाठी ज्या खोल्या केल्या त्यांना हिरकणीचे नाव दिले. कोजागरीला रायगडाचे दरवाजे मिटले आणि घरच्या तान्ह्यासाठी ती कडा उतरून गेली, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यात बाळाची भूक येते, हिरकणीच्या छातीतला ठणका येत नाही. तो तिला नक्कीच जाणवत असणार. २०१७ पासून कायद्याने सव्वीस आठवड्यांची रजा आहे, तीही सगळ्यांना नाही. रुजू झाल्यावर दर तीन तासांनी स्वच्छ हाताने, उकळलेल्या स्टीलच्या डब्यात दूध काढावे. सावलीत चार तास टिकते, आमच्या बडोद्याच्या उन्हाळ्यात त्याहून कमी धरावे. फ्रीजमध्ये चोवीस तास. ते तापवू नये, कोमट पाण्यात डबा ठेवावा. घरी सांभाळणाऱ्या आजीने आई यायच्या आधीचा तासभर बाळाला वाटी देऊ नये, थोडे रडवावे लागले तरी. दार उघडल्यावर चप्पल काढून, हात धुऊन, आईने आधी त्याला जवळ घ्यावे. चहा मागून येईल.