गटांच्या मारामारीतला खून आणि स्वसंरक्षण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बांधावरून किंवा पाण्याच्या पाळीवरून दोन गट भिडतात, काठ्या-कुऱ्हाडी निघतात, एकाचा जीव जातो. मग दोन्हीकडून फिर्यादी दाखल होतात आणि दोन्ही बाजू म्हणतात, ‘आम्ही जीव वाचवायला हात उचलला.’ खासगी संरक्षणाचा हा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, जुन्या दंड संहितेत तो ९६ ते १०६ मध्ये होता. मूळ तत्त्वे तीच असल्याने जुने निकाल आजही आधाराला घेतले जातात.

गैरसमज : पहिला वार अंगावर पडल्याशिवाय हात उचलता येत नाही.
वस्तुस्थिती : हक्क सुरू होतो तो धोक्याच्या रास्त भीतीने. १९५० मध्ये कटनीच्या दंगलीत जमावाने अमजद खान यांच्या भावाचे दुकान लुटले आणि मग त्यांच्याच दारावर लाठ्या आपटायला सुरुवात केली. त्यांनी झाडलेल्या गोळीने एकाचा मृत्यू झाला. दार तुटेपर्यंत थांबायला हवे होते, हे सर्वोच्च न्यायालयाला मान्य झाले नाही. १९५२ मध्ये ते निर्दोष सुटले. मात्र दोन्ही गट आधीच ठरवून लढायला उतरले असतील, तर पहिला वार कोणाचा याला अर्थ उरत नाही आणि हा बचाव सहसा कोणालाच मिळत नाही.

गैरसमज : एकदा हल्ला झाला की पुढचे सगळे माफ.
वस्तुस्थिती : धोका संपला की हक्कही संपतो. जयदेव विरुद्ध पंजाब राज्य (१९६३) या शेतजमिनीच्या वादातील खटल्यात समोरचे पळू लागल्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. न्यायालयाने त्याला संरक्षण मानले नाही. म्हणूनच जखम पाठीवर आहे का, प्रेत पंचनाम्यात कुठे दाखवले आहे, हे बारकाईने पाहिले जाते.

गैरसमज : आपल्या शेतात घुसलेल्याला जिवे मारता येते.
वस्तुस्थिती : मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा कलम ४१ मधील मोजक्याच प्रसंगांत आहे : दरोडा-जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे वगैरे. नुसत्या अतिक्रमणासाठी ती नाही.

गैरसमज : स्वसंरक्षण आरोपीने संशयातीत सिद्ध करावे लागते.
वस्तुस्थिती : भार आरोपीवर असतो, पण तो हलका. शक्यतेचे पारडे त्याच्या बाजूने झुकले तरी पुरते, आणि तेही सरकार पक्षाच्याच साक्षीदारांच्या उलटतपासणीतून झुकू शकते. आरोपीच्या अंगावरच्या गंभीर जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही, तर सरकार पक्षाच्या कहाणीवर संशय येतो, असे लक्ष्मी सिंह खटल्यात (१९७६) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. किरकोळ ओरखड्यांना मात्र तेवढे वजन नसते.

गैरसमज : गटातले अडकले तर सगळेच, सुटले तर सगळेच.
वस्तुस्थिती : पाच किंवा अधिक जणांची गैरकायद्याची मंडळी ठरली, तर कलम १९० नुसार एकाच्या कृत्याची जबाबदारी इतरांवरही येते. पण मंडळी खरोखर बचावासाठीच उभी होती असे दिसले, तर समान बेकायदा उद्देशच उरत नाही. मग मर्यादा कोणी ओलांडली, एवढेच पाहतात आणि तोच आपल्या वारापुरता जबाबदार ठरतो.

गैरसमज : मर्यादा ओलांडली की खुनाचीच शिक्षा.
वस्तुस्थिती : जिवावर बेतले असताना माणूस वार तोलूनमापून करू शकत नाही, हे न्यायालये मानतात. सद्भावनेने, पूर्वतयारी नसताना आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू नसताना हद्द ओलांडली गेली, तर गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा ठरतो. कलम १०५ नुसार शिक्षा जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षे.

गैरसमज : नागपूरच्या अक्कू यादव प्रकरणातले आरोपी स्वसंरक्षणामुळे सुटले.
वस्तुस्थिती : वस्तीवर अत्याचार केल्याचे आरोप असलेल्या गुंड अक्कू यादवला १३ ऑगस्ट २००४ रोजी जमावाने न्यायालयाच्या आवारात ठार मारले, तेव्हा तो पोलिसांच्या ताब्यात होता. २०१४ मध्ये आरोपी सुटले ते पुराव्याअभावी. आधीच्या अत्याचारांचा राग कितीही खरा असला, तरी तो या हक्काचा आधार होत नाही.

अशा प्रसंगात सापडलात, तर धोका टळताच हात थांबवा, पोलिसांना लगेच कळवा आणि स्वतःच्या जखमांची सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी नोंद करून घ्या. पुढे खटल्यात हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.