निजलेल्या माणसाची आकडी

जांब समर्थला कुणाला आकडी आली की चार जण हातपाय धरतात, कुणी नाकाला कांदा लावतं. झटके थांबले की सुटलो म्हणायचं. गावातल्या ओळखीच्या एका तरुणाचेही झटके थांबले होते. मेंदूज्वर झालेला. संभाजीनगरच्या अतिदक्षता विभागात तो शुद्धीवर मात्र येईना. आई म्हणाली, "निवांत निजलंय बघा लेकरू." डॉक्टरांनी तरीही ईईजी सांगितला. झटकेच नाहीत, मग शोधायचं काय? डॉक्टरांना विचारून मी आत थांबलो.

तंत्रज्ञ बाईंनी टेप लावली. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत 36 सेंटिमीटर. म्हणजे पहिली खूण 3.6वर, पुढच्या 7.2च्या अंतरानं. घामेजलेल्या केसांत भांग पाडत, प्रत्येक खुणेवरची कातडी घासून त्या इलेक्ट्रोड चिकटवत होत्या. एकूण 21. बेशुद्ध माणसाला त्या दर वेळी "जरा टोचेल हं" म्हणत होत्या.

ईईजीत मेंदूचा विद्युतदाब मोजायचा व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात. त्यामुळे व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, भिंतीतली वीज, सगळंच पडद्यावर घुसतं. सिस्टरनी सक्शन केलं, बाईंनी लगेच वेळ टाकून नोंद केली. नाहीतर वाचणारा फसतो.

मग उजव्या बाजूला टोकदार लाटा उठल्या. सेकंदाला तीन, हळूहळू पसरत जाणाऱ्या. सेकंदाला अडीचहून जास्त आणि किमान दहा सेकंद टिकल्या, की ती आकडीच. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटसुद्धा हललं नव्हतं.

डॉक्टरांनी न्यूयॉर्कचा 2004चा अभ्यास सांगितला. 570 रुग्णांत 110 जणांना आकडी सापडली. त्यातल्या शंभरी 92 जणांच्या अंगावर झटके नव्हते. शंभरी 92! झटक्यांवरूनच आकडी ओळखणारे आम्ही उरलेल्या आठांपुरतेच शहाणे.

अर्थात दिसली विचित्र लाट की दे औषध, असंही नाही. हृदय बंद पडून कोमात गेलेल्यांमध्ये तालबद्ध लाटा औषधांनी दाबून पाहिल्या, तरी रुग्ण अधिक सुधारले नाहीत, असं नेदरलँड्स-बेल्जियममधल्या 2022च्या चाचणीत दिसलं. इथे मात्र लाटा वाढत, सरकत होत्या. शंकेला जागा नव्हती.

मला खटकतो तो नेहमीचा अर्ध्या तासाचा ईईजी. कोमातल्या काहींची पहिली आकडी 24 तासांनंतर दिसते. तोवर 'आकडी नाही' असा रिपोर्ट फाईलला लागलेला असतो. डॉक्टरांनी औषध वाढवलं, रेकॉर्डिंग रात्रभर ठेवायला सांगितलं. बाईंनी खाली फोन लावला, "मुलांच्या वॉर्डला सांगा, मशीन सकाळीच मिळेल. दुसरं नाहीये."