घुग्घुसच्या पिनकोडचा बाप कोण?
घुग्घुसचा पिनकोड 442505. कोळसा खाणीच्या कचेरीपासून कारखान्यांच्या लेटरहेडपर्यंत तो सगळीकडे छापलेला. शेवटी 5 आहे, म्हणजे ही मूळ संख्या नव्हे, हे शाळकरी पोरही सांगेल. पण तिला ‘बाप’ आहे: 442477. याच्या अंकांची बेरीज 28. ती त्याच्यातच मिळवा, 442505 तयार!

संख्यांची ही वंशावळ मांडली देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (1905-1986) यांनी. 15 मध्ये 1 आणि 5 मिळवले की 21. म्हणून 15 ही 21 ची जनक. 101 ला तर दोन जनक, 91 आणि 100. पण 20 ला कुणीच नाही. 31, 53, 97 या मूळ संख्यांनाही नाही. अशा संख्यांना त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटलं.

जनक शोधायचा कसा? कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज, दोन्हींना 9 ने भागलं तर बाकी एकच उरते. म्हणून जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज यांची बाकी सारखीच असणार. 442505 ची बाकी 2, तेव्हा दोघांच्या वाट्याला 1-1. मग अंकांची बेरीज 1, 10, 19, 28, 37, 46 यांपैकीच हवी. सहा अंकांची बेरीज 54 च्या वर जातच नाही. पिनकोडमधून 1, 10, 19 वजा करून काही जमत नाही, 28 ला गाठ पडते. जितके अंक, फार तर तितके प्रयत्न. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

आता मोठा प्राणी. 2 चा 24036583 वा घात, वजा 1. ही मर्सेन मूळ संख्या 2004 च्या मे महिन्यात जोश फिंडली यांच्या संगणकावर सापडली. अंक 72,35,733! ल्यूक पेबडी यांनी 2006 मध्ये दाखवलं, की ही स्वयंभूही आहे. म्हणजे बहात्तर लाखांवर उमेदवार, आणि एकही जनक ठरत नाही. त्यातल्या त्यात दिलासा असा, की वजाबाकीत फक्त शेवटचे मोजके अंक हलतात. पुढच्या लाखो अंकांची बेरीज एकदाच करून ठेवली की झालं.

एक आक्षेप मात्र उरतो. मूळ असणं हा संख्येचा स्वभाव. ती कशीही लिहा, मूळच राहते. हीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर ओळीने 24036583 वेळा नुसता 1. स्वयंभू असणं मात्र आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून. खरं आहे, पण जनक शोधायची कापरेकरांची युक्ती दहाला बांधलेली नाही. आठाच्या पद्धतीत लिहा, 9 च्या जागी 7 घ्या, ती तशीच चालते.