माळ्यावरचं विमान

मैत्रिणींनो, दिवाळीची साफसफाई काढली की माळ्यावरून काय काय खाली येईल ह्याचा नेम नसतो. कान तुटलेली कढई, रुखवतातली मण्यांची बाहुली, कुणाकुणाची पाळण्यातली दुपटी! ह्या वर्षी आमच्याकडे चक्क विमान खाली आलं. म्हणजे विमानाचं खोकं. भंगारवाला दारात उभा होता. खोकं त्याच्या पोत्यात टाकणार, एवढ्यात आत काहीतरी खुळखुळलं आणि माझा हात थांबला.

चार वर्षांपूर्वी धाकटा दहावी झाला तेव्हा ह्यांनी ते हौसेनं आणलं होतं. दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर हे लढाऊ विमान, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं. सुटे भाग कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. पहिले चार दिवस पोरगा टेबलावरून उठला नाही. पाचव्या दिवशी खोकं बंद झालं ते झालंच. हे रागावले. “एक काम धड शेवटाला नेत नाही,” हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या घरी मुक्कामाला आलं. तबला सोडला, निघालं विमान. इंजिनिअरिंगला एक विषय राहिला, पुन्हा निघालं विमान. आता तो वसतिगृहात असतो. फोन करतो तो मला. वडिलांशी बोलणं “पैसे मिळाले” आणि “बरं आहे” एवढंच.

खोकं उघडलं आणि मी तिथेच फतकल मारली. विमानाच्या धडाच्या दोन्ही बाजू चिकटवलेल्या होत्या. आत डोकावलं तर वैमानिकाच्या जागेत बारीक बारीक घड्याळं रंगवलेली, तीही इतकी सुबक की मला रांगोळीत तसे ठिपके काढता यायचे नाहीत. पण जोड वाकडा बसला होता. एक बाजू दुसरीपेक्षा मोहरीएवढी पुढे सरकलेली, आणि त्यावर अंगठ्याचा ठसा कायमचा उमटलेला.

त्या रात्री फोनवर विचारलं. “अगं आई, ते वाकडं चिकटलं. ओढून पाहिलं, सुटेना. बाबांनी एवढं महागाचं आणलेलं. म्हणून ठेवून दिलं.”

“मग सांगायचंस की रे!”

“कुणाला?”

बस्स, एवढंच. पण त्या “कुणाला”नं माझी झोप गेली. थोड्या वेळानं मी विचारलं, “मी पुरं करू का?” तो आधी हसला. मग म्हणाला, “कर. पण वरचं पारदर्शक झाकण सिमेंटनं लावू नकोस हं, धुरकट होतं. फेव्हिकॉल लाव.” काम सोडलेल्या मुलाला हे सगळं पाठ होतं!

लागतं काय?

तुम्ही म्हणाल, हे बायकांचं काम का? अहो, ह्याला लागणारं निम्मं सामान आपल्याच कपाटात असतं. भाग सुटे करायला नेलकटर (पिळून तोडू नका, कड पांढरी पडते), कडा घासायला नखांची कानस, जोड धरून ठेवायला रबरबँड आणि कपड्यांचे चिमटे, बारके भाग उचलायला भुवयांचा चिमटा. विकत आणावं लागलं ते प्लॅस्टिक मॉडेलचं सिमेंट, पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग, दोन बारीक ब्रश आणि अगदी मऊ पॉलिश पेपर. आधी सगळे भाग कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवायचे, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. सिमेंट लावताना खिडकी उघडी हवी आणि लहान मूल जवळ नको.

हे सिमेंट म्हणजे डिंक नव्हे. ते प्लॅस्टिक विरघळवतं आणि दोन तुकडे एकजीव करतं. म्हणूनच पोराला जोड सुटेना. वाकडा बसलेला जोड पुन्हा उघडता येत नाही, तो भरून घ्यावा लागतो. भाग ज्या चौकटीला लागून येतात, तिचे उरलेले बारीक तुकडे मी थोड्या सिमेंटमध्ये टाकले. त्यांचा लगदा झाला. रंगारी भिंतीला लांबी भरतात ना, तसा तो फटीत भरला, दोन दिवस वाळू दिला आणि मग हलक्या हातानं घासला. अंगठ्याचा ठसा मात्र थोडासा राहू दिला.

विमानातल्या बायका

काम करता करता कुतूहल वाढलं आणि वाचनालयातून पुस्तकं आणली. स्पिटफायरचा आराखडा आर. जे. मिचेल ह्यांचा. विमान पहिल्यांदा उडालं ५ मार्च १९३६ ला, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनजवळ. पुढच्याच वर्षी मिचेल कर्करोगानं गेले, अवघ्या ४२ व्या वर्षी. आपलं विमान लढाईत उतरलेलं त्यांनी पाहिलंच नाही.

सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बाँबनी साउदॅम्प्टनचा कारखाना उद्ध्वस्त केला. मग काम गावोगावी विखुरलं. मोटारींच्या गॅरेजमध्ये, बसच्या डेपोत, इतकंच काय कपडे धुण्याच्या लाँड्रीतसुद्धा स्पिटफायरचे भाग बनू लागले, आणि बनवणाऱ्या हातांत कितीतरी हात बायकांचे होते. तयार विमानं विमानतळांवर पोचवणाऱ्या संस्थेत जानेवारी १९४० मध्ये आठ स्त्री वैमानिक होत्या. युद्ध संपेपर्यंत दीडशेहून अधिक झाल्या. विमानात ना रेडिओ चालू, ना बंदुकीत गोळ्या. कधी न उडवलेलं विमान वाट्याला आलं तर सोबत एक छोटी वही असे. त्यात एकेका विमानाची जुजबी माहिती. आपण पाककृतीची वही ओट्यावर उघडून नवा पदार्थ करतो ना, तसं त्या नवं विमान उडवत! १९४३ पासून त्यांना पुरुषांएवढाच पगार मिळू लागला, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

आणखी एक बाई मला फार आवडल्या. बीट्रिस शिलिंग. स्पिटफायरनं एकदम नाक खाली केलं की त्याचं इंजिन क्षणभर बंद पडे. जर्मन विमानांना ही अडचण नव्हती, तेव्हा तो एक क्षण जिवावर बेतायचा. ह्या इंजिनिअर बाईंनी १९४१ मध्ये इंधनाच्या वाटेत बसवायची भोकाची छोटीशी चकती शोधून काढली. नळाचा वॉशर असतो ना, तसलीच. मोटारसायकलवरून तळोतळी जाऊन त्यांनी ती बसवूनही दिली.

आणि आपला संबंध काय म्हणाल, तर मुंबईच्या नावाची स्पिटफायरची एक तुकडीच ब्रिटिश वायुदलात होती, १३२ क्रमांकाची. आपल्या वायुदलानंही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आणि पुढे १९४७ मध्ये काश्मीरमध्ये हे विमान उडवलं आहे.

माझी चूक

एवढं सगळं वाचून मी जरा शेफारलेच. पंखावर सिमेंटचा थेंब सांडला. तो पुसायला मी काय घेतलं असेल? नेलपॉलिश काढायचं औषध! बघता बघता पंखाचं टोक मेणासारखं विरघळलं. स्पिटफायरची सगळी शोभा त्या निमुळत्या, गोलसर पंखांत. मी ते डागलेलं टोक पदराआड धरलं आणि माझ्याच लक्षात आलं की आपण ते लपवतो आहोत. पन्नाशीला आलेली बाई! मग सोळा वर्षांच्या पोरानं खोकं माळ्यावर टाकलं ह्यात नवल काय?

संध्याकाळी हे आल्यावर पंख त्यांच्यापुढे ठेवला. “माझ्याकडून बिघडलं.”

ह्यांनी चष्मा लावून पंख उलटासुलटा केला. “होतं असं. पहिल्यांदाच करते आहेस तू.”

“हे त्याला म्हणाला असतात तर?”

“कुणाला?” हे म्हणाले. तोच शब्द. मग मी जोड दाखवला, ठसा दाखवला, फोनवर काय बोलणं झालं ते सांगितलं. ह्यांनी उत्तर दिलं नाही. जेवताना तोंडातून शब्द नाही. पण पानं उचलल्यावर टेबल पुसून घेतलं आणि म्हणाले, “तो लगदा केला होतास, तो उरलाय का?”

पंखाचं टोक त्यांनी तीन रात्री खपून बसवलं. पंख धडाला लावताना दोन्ही टोकं सारखी वर उचललेली हवीत, तर त्यांनी दोन्हीकडे एकेक काडेपेटीचा आधार दिला. रंग मी दिला. वरून गडद हिरवा आणि मातकट पट्टे, म्हणजे वरून पाहणाऱ्याला शेतजमीन वाटावी. खालून फिकट आभाळी, म्हणजे खालून पाहणाऱ्याला आकाश. रंग पातळ करून दोन-तीन हात द्यावेत, घाईनं एकच जाड हात देऊ नये. पंखांवरची चिन्हं कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवली की कागदावरून अलगद सरकतात. ओल्या ब्रशनं जागेवर आणायची आणि मऊ फडक्यानं टिपायची. खेचाल तर फाटतील.

शेवटी राहिला वैमानिक. सहा फुटी माणूस ह्या मापात एक इंचाचा, बसलेला तर त्याहून लहान. त्याचा चेहरा रंगवताना हात थबकला. सासूबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, “युद्धाचं विमान कशाला गं घरात?” त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. १९४० च्या जुलै ते ऑक्टोबर ह्या चार महिन्यांत, ब्रिटनच्या आकाशातल्या त्या लढाईत, ब्रिटनच्या बाजूचे ५४४ वैमानिक आणि त्यांचे विमानातले सोबती गेले. पुष्कळजण विशी-बाविशीचे. आमच्या धाकट्याच्या वयाचे! विमान तयार करण्यात मौज आहेच, पण आत कोण बसत होतं ते विसरून चालणार नाही. मी त्या एवढ्याशा चेहऱ्याला रंग दिला आणि त्याला वाटीत बाजूला ठेवून दिलं.

वसुबारसेला मुलगा आला. विमान टेबलावर होतं, पण वैमानिक, झाकण आणि पंखा लावलेला नव्हता. त्यानं विमान उचललं आणि धडाचा जोड नखानं चाचपला. “भरलंस तू?”

“जोड मी भरला. पंख बाबांनी.”

तो काही बोलला नाही. हेही बोलले नाहीत. पण फराळाच्या बशा उचलायला मी बाहेर आले तेव्हा दोन डोकी दिव्याखाली वाकलेली होती, आणि पोरगा सांगत होता, “फेव्हिकॉल एवढा नको, बाबा. काडीच्या टोकानं लावा.” आणि हे ऐकत होते!

आमच्या घरचं सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. राहिलेला विषय अजून राहिलेलाच आहे. पण परवा फोन आला आणि मी नेहमीसारखा हात पुढे केला, तर तो म्हणाला, “बाबांना दे ना.” 

तेव्हा मैत्रिणींनो, माळा आवरताना एखादं अर्धवट राहिलेलं काम हाती लागलं, तर भंगारवाल्याला क्षणभर थांबवा. खोकं उघडून बघा, आणि ज्याचं आहे त्याला विचारा, कुठे अडलं होतं म्हणून. आणि हो, प्लॅस्टिकला नेलपॉलिशचं औषध मात्र चुकूनही लावू नका!