बेल, संत्री आणि काचेची बरणी

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा हा वनांचा आणि धानशेतीचा तालुका. चैत्राच्या सुमारास येथील रानात बेलफळे पिकून गळू लागतात. काही सरबतासाठी घरी येतात, काही आठवडी बाजारात मिळेल त्या भावाने जातात आणि उरलेली झाडाखालीच कुजतात. २००६ च्या वन हक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना मान्य केला. परंतु हक्क मिळाला म्हणून फळ टिकत नाही. ते टिकविण्याचा एक सोपा, घरगुती उपाय म्हणजे मार्मालेड.

नावातील नाते

संत्री-लिंबांसारख्या फळांचा गर किंवा रस साखरेसह आटवून, त्यात सालीचे बारीक तुकडे घालून केलेला मुरंबा म्हणजे मार्मालेड. हा शब्द 'मार्मेलो' या पोर्तुगीज शब्दापासून आला. 'मार्मेलो' म्हणजे क्विन्स हे फळ. बेलाच्या 'एगल मार्मेलॉस' या शास्त्रीय नावातही तोच शब्द दडलेला आहे. विशेष म्हणजे बेल आणि संत्री ही एकाच वनस्पतिकुळातील. विदर्भात मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात, तर बेल त्याच्या पाठोपाठ पिकू लागतो. मार्चच्या सुमारास ही दोन्ही फळे एका पातेल्यात आणता येतात.

कृती व कारणे

मार्मालेड घट्ट होण्यास पेक्टिन, आम्ल आणि साखर या तिघांचा मेळ लागतो. पेक्टिन बेलाच्या गरात विपुल असते. आम्ल मात्र कमी असते. ती उणीव लिंबाचा रस भरून काढतो. संत्र्याची साल रंग, सुगंध व किंचित कडसर चव देते.

पिकलेल्या बेलाचा एक किलो गर तेवढ्याच पाण्यात कालवून कोमट करावा आणि बिया व धागे काढून चाळणीतून गाळावा. संत्र्याच्या सालीचा आतील पांढरा भाग खरवडून सालीचे बारीक तुकडे करावेत व दोन-तीन वेळा पाणी बदलून उकळावेत. त्यामुळे जादा कडवटपणा जातो. गाळलेल्या एक किलो गरास पाऊण किलो साखर, तीन-चार लिंबांचा रस आणि साठ-सत्तर ग्रॅम साल हे प्रमाण प्रारंभास योग्य ठरते. पातेले स्टेनलेस स्टीलचे असावे. मिश्रण सतत ढवळावे, कारण बेलाचा गर तळाला लवकर लागतो. तापमान सुमारे १०५ अंश सेल्सिअस झाले, किंवा चमच्यावरून मिश्रण धारेने न पडता पापुद्र्यासारखे सुटू लागले, की पातेले उतरवावे. या अवस्थेत साखर व इतर विद्राव्य घटक मिळून सुमारे ६५ टक्के होतात. साखर पाण्याला बांधून ठेवते, म्हणून बुरशीला वाढण्यास वाव राहत नाही.

आधी स्वच्छता, मग सजावट

बरण्या व झाकणे धुऊन पंधरा-वीस मिनिटे उकळावीत व पूर्ण कोरडी करावीत. मिश्रण थोडे निवू द्यावे, म्हणजे साल वर तरंगत नाही. परंतु ते गरम असतानाच गरम बरणीत, लाकडी फळीवर ठेवून भरावे. थंड फरशीवर काच तडकते. काठ पुसून झाकण लगेच घट्ट लावावे.

बरणी पूर्ण थंड झाल्यावरच सजावट करावी. गरम झाकणावर कापड बांधल्यास ओल अडकते आणि झाकण गंजते. धुतलेल्या सुती कापडाची टोपी, सुतळीची गाठ किंवा बांबूच्या पट्ट्यांची छोटी टोपली एवढे पुरे. बुरूडकाम या भागाला नवे नाही. चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. एका बरणीबरोबर बुरूड कारागिरालाही काम मिळू शकते. मात्र काच झाकली जाऊ नये. सोनेरी गरात अडकलेली साल हीच या बरणीची खरी शोभा होय.

चिठ्ठी खरी असावी

विक्रीसाठी करावयाच्या मालास अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे. चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, वापरण्याची मुदत, उत्पादकाचे नाव-पत्ता व नोंदणी क्रमांक हवा. बेल व संत्री दोन्ही असल्यास दोन्हींची नावे लिहावीत.

प्रदर्शनात रंगीत कापड पाहून गिऱ्हाईक पहिली बरणी घेते. दुसरी घेते ती पहिलीच्या चवीवर. एका बरणीवर आलेली बुरशी साऱ्या बचत गटाची पत घालविते. म्हणून ग्रामपंचायतीने व शाळेने असा उपक्रम हाती घेतल्यास प्रथम चार-पाच बरण्याच कराव्यात, त्या दोन-तीन महिने ठेवून पाहाव्यात, आणि त्या निर्दोष राहिल्या तरच बाजाराचा विचार करावा. रानातील फळाला मोल मिळते ते अशा सबुरीनेच.